पुरावा क्रमांक एक ते अकरा

चोरी मी आयुष्यात एकदाच केली, पण योजना अशी चोख आखली होती की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं! कर खात्यात एकोणीस वर्षं कारकुनी केलेला माणूस खुर्ची पळवायला निघाला, तरी आधी टिपण तयार करतो.

कारण सांगतो. आमच्या लेकीच्या शाळेच्या फाटकावर एक शिपाई बसतो, पण त्याचं सगळं लक्ष शब्दकोड्यात. गेल्या महिन्यात मधल्या सुट्टीत पहिलीतली एक मुलगी त्या फाटकातून बाहेर पडली आणि चौकात भर रस्त्यात जाऊन उभी राहिली. समोरून येणाऱ्या बसने करकचून ब्रेक मारला. बस कोण चालवत होतं? तिचे सख्खे आजोबा! ती पोर आमच्या लेकीच्या शेजारी बसते. तेव्हापासून लेकीला शाळेत सोडताना मी दहादा वळून फाटकाकडे बघतो.

आम्ही पालकांनी नागरिक मंच काढला. अध्यक्ष दातांचे डॉक्टर, चिटणीस मी, आणि सोबत ते बसवाले आजोबा, म्हणजे आमचे ड्रायव्हरकाका. शाळा मंडळाला तीन पत्रं दिली. तिन्हींना उत्तर एकच, 'फाटक पूर्णपणे सुरक्षित आहे.' मंडळाच्या सभेत नागरिकांना बोलता येतं, पण सगळ्यात शेवटी आणि तीनच मिनिटं. ऐकायला येणाऱ्यांसाठी खुर्च्या किती? चार!

"त्यांना पुरावा हवाय ना? देऊ!" मी घरी जाहीर केलं. "मंगळवारी अकरा वाजता मी शाळेत शिरतो, ऑफिसातली एक खुर्ची उचलतो आणि सरळ बाहेर येतो. कुणी हूं की चूं करणार नाही. चारच्या सभेत ती खुर्ची मंडळापुढे ठेवली, की झालं!"

"आणि पकडलं तर?" बायकोने विचारलं.

"तर फाटक सुरक्षित आहे हे कळेल. दोन्हीकडून आपलाच फायदा!"

"मग इस्त्रीचा शर्ट घालून जा. फोटो छापून आला तर बरा दिसेल."

मंगळवारी डॉक्टर कॅमेरा घेऊन समोरच्या फुटपाथवर उभे राहिले. एका खुर्चीसाठी काकांनी मित्राचा टेम्पो आणला होता. मोठं चाक हातात असल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

मी फाटकातून आत शिरलो. मला वाट द्यायला शिपायाने पाय वर घेतले. मान काही वर केली नाही. ऑफिसात गेलो आणि दाराजवळची खुर्ची उचलली.

"अहो, थांबा!" टेबलामागून क्लार्कबाई ओरडल्या.

मी जागीच थबकलो, पण खरं सांगतो, बरंही वाटलं. चला, या शाळेत कुणीतरी जागं आहे!

"एकच काय नेताय? तीन आठवडे वाट बघतेय तुमची! कोपऱ्यातल्या त्या दहा कोण नेणार?"

कोपऱ्यात दहा मोडक्या खुर्च्या एकमेकींना टेकून कशाबशा उभ्या होत्या.

"बाई, मी मिस्त्री नाही."

"मागचे पण असंच म्हणाले होते. गेले ते पुन्हा फिरकले नाहीत! तुम्हाला नाही जाऊ देणार."

इथेच सगळं खरं सांगून टाकायला हवं होतं. पण मनात आलं, एका खुर्चीचा पुरावा वजनदार की अकरा खुर्च्यांचा? मी गप्प बसलो. तिथेच माशी शिंकली!

"चौथीच्या वर्गाला बोलावते, चुटकीसरशी होईल," म्हणत बाई उठल्यासुद्धा. मी तोंड उघडेपर्यंत डोक्यावर खुर्च्या घेतलेली पोरं आणि त्यांच्यामागे निव्वळ गंमत बघायला निघालेली पोरं, अशी वरात फाटकातून थेट रस्त्यावर! आणि शिपाई? त्याने उठून फाटक धरून ठेवलं होतं.

मी धावत रस्त्याच्या मधोमध गेलो आणि दोन्ही हात पसरून गाड्या अडवत सुटलो. डॉक्टर उत्साहाने फोटो काढत होते. नंतर बघितलं, तर प्रत्येक फोटोत पोरांना शाळेबाहेर काढताना मीच दिसतोय!

काकांनी टेम्पोतून उडी मारली. एकेका पोराचा हात धरून त्यांनी सगळ्यांना आत नेलं.

"बावीस बाहेर आली होती, बावीस आत गेली," ते म्हणाले. पुन्हा एकदा पोरं मोजून मगच त्यांनी खुर्च्या टेम्पोत चढवल्या. मला स्वतःची लाज वाटली. पण आता तर माघार घ्यायची नाही, हेही तिथेच ठरवलं.

चार वाजता सभागृहात चाळीस पालक हजर! बसायला त्याच चार खुर्च्या. मी 'अहो, ते पुरावे आहेत!' म्हणेपर्यंत लोकांनी टेम्पोतल्या खुर्च्या आत ओढून मांडल्यासुद्धा.

दोन तासांनी माझं नाव पुकारलं. "सन्माननीय सदस्यहो, या शाळेत कुणीही—"

कडाड! डॉक्टर जमिनीवर.

"या शाळेत कुणीही—"

कडाड! आमच्या मंचातल्या शिंपीणबाई डॉक्टरांवर.

"या मोडक्या खुर्च्या आल्या कुठून?" मंडळाच्या अध्यक्षबाई कडाडल्या.

"तुमच्याच शाळेतून! भरदिवसा मी पळवल्या! कुणी साधं नाव विचारलं नाही!"

"पळवल्या कसल्या? मी दिल्या!" मागून क्लार्कबाई उठल्या. "हे आमचे मिस्त्री!"

अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आणि दुरुस्ती ही अशी करता?"

सभागृह हसून लोटपोट झालं आणि घंटा वाजली. माझी तीन मिनिटं संपली!

पुढचं नाव काकांचं होतं. माईक बाजूला सारून ते उभे राहिले.

"माझी नात या फाटकातून बाहेर आली. ब्रेक लागला, म्हणून ती आज आहे. सकाळी आमच्याच वेडेपणामुळे बावीस पोरं बाहेर आली, तेव्हाही कुणी अडवलं नाही. चौकात दर वेळी मीच असेन असं नाही." एवढं बोलून ते खाली बसले.

घंटावाला घंटा हातात घेऊन नुसताच उभा होता. अध्यक्षबाईंनी चष्मा काढून पुसला आणि विषय तिथल्या तिथे मतदानाला टाकला. फाटकावर पहारेकरी, ओळखपत्र दाखवणाऱ्या पालकाच्याच हाती मूल, आणि यापुढे सभेत नागरिकांचं म्हणणं सगळ्यात आधी. सगळे हात वर! नियमांचा मसुदा मी रात्री बसून स्वतः लिहिला. एकही पळवाट ठेवली नाही.

सोमवारी शाळा सुटताना मी छाती काढून फाटकावर गेलो. नवा पहारेकरी कडक होता.

"सोडा हो त्यांना, मिस्त्री आहेत!" खिडकीतून क्लार्कबाई ओरडल्या. पहारेकरी बाजूला झाला.

"सोडू नका!" मी गरजलो. "मी मिस्त्री नाही, पालक आहे. मला अडवा!"

"मग ओळखपत्र?"

मी खिशात हात घातला. दुसऱ्या खिशात घातला. ओळखपत्र कर खात्यातल्या माझ्या टेबलावर होतं!

"नियम क्रमांक चार," पहारेकरी म्हणाला आणि त्याने फाटक लावलं. आतून लेक गजांना धरून म्हणाली, "बाबा, तुम्ही तिथेच थांबा हं!"

शेवटी बायकोला फोन केला. अर्ध्या तासाने ती आली, ओळखपत्र दाखवलं, लेकीचा हात धरला.

"बाई, हे गृहस्थ मघापासून इथे घुटमळतायत," पहारेकरी हळूच म्हणाला. "तुमच्या ओळखीचे आहेत का?"

बायकोने मला नखशिखांत न्याहाळलं.

"ओळखपत्र बघितल्याशिवाय कसं सांगणार?" ती म्हणाली, आणि दोघी घराकडे चालू लागल्या.