चांगदेवांनी बुजवलेले खड्डे

"लोक लग्नाला कशाला येतात? खोट काढायला! पण माझ्या पोरीच्या लग्नात खोट शोधणारा उपाशी जाईल, सांगून ठेवतो!"

अंजूरच्या चांगदेवांनी ही घोषणा साखरपुड्यापासून इतक्यांदा केली होती की मांडव घालणाऱ्या पोरांनाही ती पाठ झाली होती. आणि चांगदेव नुसते बोलणाऱ्यातले नव्हते. शुभकार्यात खंडित काही चालत नाही, एवढं एकच शास्त्र त्यांना येत होतं, पण ते पक्कं येत होतं. अक्षतांचे तांदूळ त्यांनी स्वतः चष्मा लावून निवडले. तुटका दाणा दिसला की तो असा बाजूला काढत, जणू मुलाकडच्यांनी पाठवलेला हेर! नारळ कानाशी धरून हलवले. विड्याची पानं एकेक करून उन्हाकडे धरली. पानवाला शेवटी म्हणाला, "काका, विडा करायचाय का एक्स-रे काढायचाय?"

तर हळदीच्या दिवशी दुपारी चांगदेव रुखवताची तपासणी करायला निघाले. लेक रुचिका फिजिक्सची पदवीधर. जावई जीवन अंबाडी गावचा; नाशिक रस्त्यावरच्या एका मैदानावर तो लोकांना गोल्फ शिकवायचा. गोल्फ म्हणजे दांड्याने बॉल लांब मारायचा आणि मग तो शोधत चालत जायचं, इतकीच चांगदेवांना माहिती होती. तरुणपणी ते अंडरआर्म क्रिकेट खेळले होते, पण त्यात बॉल शोधायला दुसऱ्या संघातली माणसं ठेवलेली असतात.

ओसरीवर रुखवताचं टेबल सजलं होतं. साखरेची बाहुली, रंगवलेले लाडू, मण्यांचं तोरण, भाताच्या लोंब्यांची होडी. चांगदेव एकेक वस्तू उचलून फिरवून बघत होते आणि स्वतःशीच 'पास, पास' म्हणत होते. टेबलाच्या बरोबर मध्ये, पितळेच्या कलशावर, एक पांढरा बॉल ठेवला होता. त्यांनी तो उचलला आणि त्यांचा चेहराच उतरला.

सगळ्या अंगावर खड्डे! एक-दोन असते तर माणूस म्हणाला असता, वाटेत कुठं आपटला असेल. पण इथं बोट ठेवायलाही सपाट जागा नव्हती.

"अरे देवा! रिटर्नचा माल!"

हे त्यांना सुचलं त्यात नवल नव्हतं. शेजारच्या राहनाळला त्यांचं स्वतःचं एक गोदाम भाड्याने दिलेलं होतं, आणि तिथं ऑनलाइन विकून परत आलेल्या वस्तूंचे डोंगर असत. चेपलेले डबे, पोचे पडलेली पातेली, सगळं त्यांनी पाहिलेलं. बिचाऱ्या जावयाला कुणीतरी फसवलं! आणि पोरगी इतकी गुणी की खराब बॉलही कौतुकाने मध्यभागी ठेवला! उद्या व्याह्यांच्या वऱ्हाडातली एखादी म्हातारी हा बॉल उचलेल, आणि पोरीला जन्मभर ऐकवेल!

बापाचं काळीज. आरडाओरडा न करता त्यांनी बॉल खिशात घातला आणि मागच्या अंगणात गेले. लग्नासाठी घर रंगवलं होतं, त्यातली भिंतीची पुट्टी डब्यात उरली होती. चांगदेवांनी पाट घेतला, बसले आणि कामाला लागले. बोटावर पुट्टी घ्यायची, खड्ड्यात दाबायची, पुढचा खड्डा. बॉल उन्हात वाळवला, काचपेपरने घासला. भिवंडी तालुक्यात कुणी अर्ज न करता, एकाच दुपारात, सगळेच्या सगळे खड्डे बुजवले गेल्याची ही पहिलीच घटना असावी!

गुळगुळीत, झकास बॉल त्यांनी परत कलशावर ठेवला आणि 'पास' म्हणून चहाला गेले.

चहाचा दुसरा घोट घशाखाली उतरायच्या आत ओसरीवरून किंकाळी आली. त्यांची थोरली बहीण बायजाबाई! बायजाबाईंचा आवाज असा की डीजेवाल्याने एकदा त्यांना हात जोडून लांब बसायला सांगितलं होतं.

"चांगदेवा! रुखवतान अंडं! मांडवान देव बसलेत न् रुखवतान अंडं ठेवलंय!"

चांगदेवांची बायको कमळा हातातली परात टाकून धावली. कलशावरचं पांढरंशुभ्र, गुळगुळीत गोल बघून तिनं कपाळावर हात मारला. "जेवणवाल्यांच्यातलं असणार. कुणाच्या पोरानं उचलून ठेवलंन काय माहीत!" आणि तिनं ते पदराखाली लपवून नेलं, मागं आचाऱ्याच्या टोपात टाकून मोकळी झाली.

आचारी काशीचा होता, आणि रात्रीच्या अंडाकरीसाठी अंडी सोलत बसला होता. हाताला हे अंडं लागलं. त्याने ते ओट्याच्या कडेवर टिचकावलं. फुटेना. जोरात टिचकावलं. फुटेना. सुरीने ठोकलं, खरवडलं. मग वैतागून त्याने ते फरशीवर आपटलं. अंडं जे उसळलं, ते त्याच्या नाकासमोरून सुसाट वर जाऊन पत्र्याला लागलं, तिथून झाकणावर, झाकणावरून कांद्याच्या ढिगात!

"अरे बाप रे! अंडा उड़ गया! चाचा, ये कौन सी मुर्गी है?"

चांगदेव धावत पोहोचले, कांदे उपसले, बॉल काढला. "हे अंडं न्हाय! बॉल हाय! रुचिकाच्या रुखवतातला!"

कमळाचा चेहरा पांढरा पडला. "म्हणजे... जावयांचा? त्याला तर खड्डे होते ना?"

"होते. बुजवले मी," चांगदेव अभिमानाने म्हणाले.

"अहो!" कमळा मटकन पाटावर बसली. "गोल्फच्या बॉलला खड्डेच असतात! मुद्दाम पाडलेले! जावयांनी आयुष्यात पहिल्यांदा एका फटक्यात बॉल भोकात घातला, तो हा बॉल. रुचिकाला दिला त्यांनी. पोरगी उशाशी घेऊन झोपते! तिनं तर सगळे खड्डे मोजलेत, कुठला कुणाशेजारी त्याचं चित्र काढलंय!"

लांबून रुचिकाचा आवाज आला, "आई! माझा बॉल कुठंय?"

उद्या पोरगी घर सोडून जाणार. तिच्या आवडीची एकच वस्तू घरात होती, ती आपण भिंत समजून लिंपली! त्यांनी बॉल मुठीत धरला, कमळाच्या केसातली पिन ओढून घेतली आणि जिना चढून गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत जाऊन बसले.

पिनेच्या टोकाने पुट्टी टोकरायची. खड्डा मोकळा झाला की फुंकर मारायची. सुरुवात तर झोकात झाली. आणि थोड्याच वेळात चांगदेवांना एक शोध लागला. मधला एक खड्डा घेतला तर त्याच्याभोवती सहा खड्डे, अगदी फेर धरलेल्या बायकांसारखे. दुसरा घेतला, सहाच. तिसरा, सहाच. "वा! शिस्तीचा कारभार हाय!" त्यांना धीर आला. आता पुट्टीखाली खड्डा कुठं असेल ते शोधायला नको. सहा मोजायचे की झालं.

आणि मग एक खड्डा निघाला, त्याच्याभोवती पाचच.

त्यांनी परत मोजले. पाच! चष्मा पुसून मोजले. पाच! म्हणजे सहावा पुट्टीखाली दबलाय. त्यांनी टोकरलं, पुट्टी नव्हती, बॉलच लागला. "इतकी घट्ट बसली?" मग टाकीजवळ पडलेला खिळा घेतला आणि पाचांच्या मधोमध, जागा नसताना, रेटून सहावा खड्डा पाडला. वेडावाकडा झाला, पण झाला. पुढे थोड्या अंतरावर पुन्हा तेच, पाच! पुन्हा खिळा. तिसऱ्यांदा पाच निघाले तेव्हा चांगदेवांच्या डोळ्यांत पाणीच आलं. किती खड्डे कायमचे बुजवले आपण!

"बाबा?"

जिन्याच्या तोंडाशी रुचिका. पिवळी साडी, हातात हिरवा चुडा, गालाला हळद. चांगदेवांनी बॉल पाठीमागे लपवला, पण मांडीवर पुट्टीचा चुरा असा पडला होता की जणू त्यांच्यावरच कुणी रांगोळी काढायला घेतली होती.

"आईनं सांगितलं," ती म्हणाली आणि बाजूला येऊन बसली. "दाखव."

बॉल हातात घेतला, फिरवला. चांगदेव मान खाली घालून बोलू लागले, "बहुतेक सगळे काढले गं. पण काही ठिकाणी एकेक कमी पडतोय. मी पाडायला बघितला, पण तो बसत न्हाय. चुकलंच माझं. मी तुला दुसरा बॉल आणतो, आत्ता तुझ्या भावाला, भावेशला गाडी काढायला सांगतो..."

रुचिका एकदम हसायला लागली. इतकी हसली की हिरव्या बांगड्या खळखळल्या. "बाबा, ते कमी नाहीत रे! तिथं पाचच असतात!"

"कसं काय? बाकी सगळीकडं सहा, न् तिथंच पाच? बनवणाऱ्याची चूक?"

"थांब." तिनं कोपऱ्यातल्या गठ्ठ्यातून जेवणाची एक कागदी पत्रावळ ओढली. "ही सपाट आहे ना? सपाट जागेवर प्रत्येकाभोवती सहा बसतात, कितीही लांब जा. पण सपाटच राहतं. वळत नाही." मग तिनं पत्रावळीची एक फाक, सहावा भाग, फाडून काढली आणि उरलेल्या कडा एकमेकींना लावल्या. पत्रावळ मधून वर उचलली गेली, टोपीसारखी. "एक काढला, पाच राहिले, की लगेच वळण आलं. पूर्ण बॉल व्हायला अशा बारा जागा लागतात. कमी नाही, जास्त नाही. सगळ्यांना सहा दिले ना बाबा, तर बॉल कधी मिटतच नाही."

चांगदेव त्या टोपीकडे बघत राहिले. "न् खड्डे तरी कशाला?"

"हवा धरून ठेवायला. गुळगुळीत बॉल मारला तर हवा मागं सुटून जाते न् त्याला मागं ओढत राहते. खड्ड्यांमुळे तो दुप्पट लांब जातो."

"म्हणजे मी त्याला घरीच बसवून ठेवत होतो," चांगदेव पुटपुटले. मग म्हणाले, "आपण घरात सहा. उद्यापासून आपण पण पाच."

रुचिकानं बापाच्या हातातली पिन घेतली आणि पुट्टी राहिलेला एक खड्डा टोकरू लागली. जिन्यातून बायजाबाईंचा आवाज आला, "सहावा त्या डीजेवाल्याला धर! कालपासना हिथंच जेवतंय!" त्या केव्हाच्या पायरीवर उभ्या राहून ऐकत होत्या.

बायजाबाई बडबडत खाली गेल्यावर रुचिका हळूच म्हणाली, "बाबा, एक सांगू? कुणाला बोलायचं नाही. हा तो बॉल नाहीच."

"आं?"

"मला दिला तेव्हा त्याच्यावर एक ओरखडा नव्हता. लोखंडी दांडा खाऊन, मैदानभर आपटून भोकात गेलेला बॉल, न् कोरा करकरीत? खरा हरवला असणार. हा नवा आणलाय. देताना जीवनचे कान लालभडक झाले होते, खोटं बोलला की होतात."

"न् तू उशाशी घेऊन झोपते?"

"मला खोटं सांगायला तो भर उन्हात बॉल शोधत दुकानं फिरला असेल, बाबा. ते तर खरं आहे ना?"

चांगदेवांना आपला जावई त्या क्षणी मनापासून आवडला. आतापर्यंत नुसता पसंत होता.

दुसऱ्या दिवशी रुखवताभोवती अंबाडीची मंडळी जमली. जीवनचे वडील पंढरीशेठ, मिशा पिळलेल्या, शंका घेण्यात वाकबगार. त्यांनी कलशावरचा बॉल उचलला. "हाच का रे तो?"

"हो... हाच," जीवन म्हणाला. कान असे तापले की मुंडावळ्यांची फुलं कोमेजायची बाकी राहिली.

पंढरीशेठनी बॉल डोळ्यांजवळ नेला, फिरवला, आणि चकित झाले. "मला वाटलं होतं, थापा मारतोस. नवा बिवा आणून पोरीला गुंडाळलं असशील. पण ह्याच्यावर काय ओरखडे! इथं कापलाय, इथं पोचा आलाय... लय मार खाल्लाय रे ह्याने! खरा बॉल हाय!" त्यांनी तो हुंगला. "वास मात्र कांद्याचा येतोय."

जीवनने बॉल घेतला. बघितला. पुन्हा बघितला. त्याचे लाल कान हळूहळू पांढरे पडले. त्याने रुचिकाकडे पाहिलं. ती मांडवाच्या झालरी मोजत होती. त्याने सासऱ्याकडे पाहिलं. सासरे फेटा सारखा करत होते.

जेवणाच्या पंगतीत चांगदेव स्वतः लाडू घेऊन आले, तेव्हा जावई त्यांच्या कानाशी लागला. "बाबा, तुम्हाला एक खरं सांगायचं होतं त्या बॉलचं. पण आता माझंच डोकं चालेना. मी तो आणला कुठून, तेच मला कळत नाहीये."

चांगदेवांनी त्याच्या पानात दोन लाडू जास्तीचे वाढले.

"जावईबापू, आम्हाला पण आठवत न्हाय. जेवा तुम्ही."