बुधाजीच्या जागी

काशिरामला प्रेताची भीती वाटे. त्यामुळे मुंबईच्या इस्पितळात वॉर्डबॉयने चादर जराशी उचलून "हाच ना तुमचा बुधाजी?" असे विचारले, तेव्हा त्याने डोळे मिटूनच मान हलवली. बुधाजी त्याचा चुलता. गोदीत हमाली करायचा, तापाने गेला. मीठ उतरवून परतणारा एक ट्रक गाठून काशिरामने दुपारपर्यंत प्रेत पनवेलला आणले.

अंगणात भाऊबंद जमले होते. बुधाजीची बायको गुणाबाई हिने चादर काढली आणि बराच वेळ पाहत राहिली.

"काशा, ह्यो कोन?"

काशिरामने तेव्हा प्रथमच पाहिले. भरघोस मिशा होत्या. बुधाजीने जन्मात मिशा ठेवल्या नव्हत्या.

"कोनाचा तरी आसल," तो पुटपुटला.

"जात कुठली, गाव कुठलं, कोनाला ठाव?" भाऊबंद म्हणाले. एकाला म्हशी आठवल्या, दुसऱ्याची कंबर धरली. बघता बघता अंगण रिकामे झाले, चौघे उरले. ट्रकवाला परत जायला तयार नव्हता आणि त्या उन्हात प्रेत थांबण्यासारखे नव्हते.

"उचला," गुणाबाई म्हणाली. "माजा तिकडं बेवारशी पडला आसल. मुंबईत कोन कोनाला वलखतो? ह्याला तरी खांदा द्या."

काशिरामने परक्याला अग्नी दिला.

दुसऱ्या दिवशी तो अस्थी घेऊन परतला, तर ओट्यावर दोन गिरणीकामगार बसलेले. त्यांच्याजवळही लाल फडक्याने बांधलेले मडके होते.

"इस्पितळातून पत्ता घेतला," त्यांच्यातला थोरला, दाजी, म्हणाला. "आमच्या चाळीतले मामा तुमच्याकडे आले, तुमचे बुधाजी आमच्याकडे. स्मशानात तोंड उघडलं तेव्हा कळलं. दोनशे माणूस जमलं होतं."

"मंग?" गुणाबाईने विचारले.

"एकही परत गेला नाही. हाही मुंबईचाच ना, म्हणाले."

गुणाबाई खाली बसली. मग म्हणाली, "तुमच्या मामांचं नाव काय?"

दाजीने सोबत्याकडे पाहिले. "मामाच."

"गाव?"

"कधी विचारलं नाही. पुष्कळ वर्षं जिन्याखाली झोपायचे."

बातमी लागताच कालचे भाऊबंद हळूहळू परतले आणि मोठ्याने रडू लागले. त्या गर्दीत कुणीतरी दोन्ही मडकी उन्हातून सावलीत सरकवली. पाहुणे निघाले, तेव्हा काशिराम मडक्यांसमोर उभाच राहिला. दोन्हींचे फडके लाल, दोन्हींची गाठ तशीच.

"यातले आमचे मामा कुठले?" दाजीने विचारले.

कुणी बोलेना. रडणारेही थांबले. गुणाबाई उठली, एक मडके उचलून पोटाशी धरले आणि म्हणाली, "ह्यो माजा."

दाजीने दुसरे मडके कपाळाला लावले आणि तो चालू लागला.

"काकी, तुला कसं कळलं?" काशिरामने हळूच विचारले.

"कळलं नाय," ती म्हणाली. "कोनीतरी बोलाया नको?"