आबांचा कायमचा पत्ता

माणसानं विसरभोळं खुशाल असावं, पण त्यावर उपाय शोधायला जाऊ नये. मी गेलो, आणि तो उपाय आता कन्नडजवळच्या आमच्या शेतात, बांधावरच्या दगडात कोरलेला आहे.

मी त्रिंबक. बिडकीनच्या एका कंपनीत स्टोअर क्लार्क. (कंपनीचा एक नटसुद्धा मी हरवू देत नाही. माझ्या गाडीची किल्ली मात्र रोज बायको शोधते.) आमचे आबा, म्हणजे धोंडिबा, गेल्याच्या आधीच्या पौषात गेले. जन्मभर मेंढरांमागं चालले आणि चालता चालता ओव्या म्हणत राहिले. त्यातली एक मी कधीतरी मोबाइलवर भरून घेतली होती. आबांचा तेवढाच आवाज मागं राहिला होता. तो पूर्ण ऐकायची माझी छाती नव्हती. पहिली ओळ आली की मी बंद करायचो.

माय गावाकडून फोन करायची. "तिरंबक, त्यांचा आवाज हाय म्हणं तुझ्याजवळ. मला ऐकीव की."

"थांब माय. आबांची वेबसाइट काढतोय. वर्षश्राद्धाला ऐकवतो. साऱ्या जगाला ऐकू जाईल."

"जगाला कशाला? जग कवा त्यांच्यासंगं मेंढरामागं हिंडलं व्हतं? मला ऐकीव."

पण मला सगळं थाटात करायचं होतं. आता वेबसाइट म्हटली की पत्ता आला, आणि साध्या पत्त्याची मुदत वाढवत राहावी लागते. मी गाडीचा विमासुद्धा विसरतो. एखाद्या साली हे विसरलो, तर आबांच्या पत्त्यावर कुणीतरी चपलांचं दुकान थाटायचं! ही भीती मी गुलमंडीच्या बाजारात, एका कापड दुकानाच्या माडीवर बसणाऱ्या राजेंद्र नावाच्या सल्लागाराला सांगितली.

"मग डॉट कॉम घेताच कशाला, भाऊ?" तो म्हणाला. "डॉट अमर घ्या. एकदा घेतलं की कायमचं. मुदतीची भानगडच नाय."

"पण हे सगळीकडं चालतं का? बाकीच्यांसारखं?"

"बाकीच्यांच्या लई पुढची चीज आहे ही."

(पुढची म्हणजे बाकीच्या जगाला अजून पत्ताच नसलेली, हे मला नंतर कळलं.)

माझी बायको सुकेशनी सोबत होती. ती म्हणाली, "आधी माझ्या फोनवर उघडून दाखवा."

"वहिनी, त्याला आमचं ॲप टाकावं लागतं."

"मंग आत्याबाईंच्या फोनवर कोण टाकणार? अन् पाहुण्यारावळ्यांच्या?"

"हळूहळू सगळे टाकतील."

"तुला यातलं काय कळतंय?" असं मी बायकोला दटावलं आणि 'धोंडिबा डॉट अमर' घेऊन टाकलं. माझ्या फोनवर ॲप टाकून त्यानं पत्ता उघडला. आबांचा फेट्यातला फोटो समोर आला आणि मला तिथंच रडू फुटलं. रडणाऱ्या माणसानं खरेदी करू नये हे खरं.

पुढं समाधीचा दगड घडवायला दिला, तेव्हा नावाखाली मी पत्ताही कोरून घेतला. फ्लेक्स वाऱ्यानं उडतो, दगड कुठं जातो?

वर्षश्राद्धाला भावकी जमली. जेवणं झाली. मी दगडाशेजारी उभा राहिलो आणि म्हणालो, "सगळ्यांनी मोबाइल काढा, हा पत्ता टाका, आबा बोलतील." माणसं हातातल्या सुपाऱ्या खिशात टाकून कामाला लागली. मायच्या फोनवर भाचीनं पत्ता टाकून दिला. माय दगडापुढं मांडी घालून बसली आणि दोन्ही हातांनी फोन कानाशी धरला.

चुलते कडुबा म्हणाले, "ह्ये तर म्हणतंय, असा पत्ताच नाय."

"रेंज नसेल काका."

"रेंज नाय कशी? ह्यो माझा नातू आकाश तिकडं क्रिकेट बघू लागलाय की."

मी माझा फोन पुढं केला. त्यात तर ॲप होतं! ॲप उघडलं. 'सेवा बंद करण्यात आली आहे.' कायमचं म्हणजे दिवाळीपासून पौषापर्यंत. राजेंद्रला फोन लावला, तर तोही अस्तित्वात नव्हता.

मायनं फोन कानावरून खाली घेतला. "लागंना व्हय? ऱ्हाऊ दे. जिते व्हते तवा तरी एका हाकंत कुठं ओ देत व्हते?"

सगळे हसले. मायसुद्धा हसली. मग तिनं पदर तोंडाला लावला आणि तिचे खांदे हलायला लागले. बाई वर्षभर वाट बघत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सुकेशनी जवळ आली. "अहो, ओवी तुमच्या मोबाइलमधी हाय ना?"

"आहे."

"मंग आत्याबाईंच्या व्हॉट्सॲपवर का नाय टाकली?"

हा प्रश्न वर्षभरात मला कुणी विचारला नव्हता. मीही नाही. तिनं माझ्या हातातून फोन घेतला, दोनदा बोट टेकवलं आणि मायचा फोन वाजला.

आबांची ओवी बांधावर सुरू झाली. कडुबाकाकांनी डोक्यावरची टोपी काढली. मायनं डोळे मिटले. ओवी संपली, आणि मी पार विसरून गेलेला शेवट आला. आबा विचारत होते, "झालं का भरून? का दाबलंच नाय? आगं बाने, ह्या तिरंबकाला कायबी सांग, सोपं सोडून अवघडातच शिरतंय ह्ये!" आणि त्यांच्या मागून एक बाई खळखळून हसली. ती बानी म्हणजे माझी माय होती, आबा असतानाची.

अख्खी भावकी माझ्याकडं बघत होती. सुकेशनी तर फारच बघत होती.

"फिरून लाव," माय म्हणाली. "ओवी ऱ्हाऊ दे. शेवटचं लाव."

सुकेशनीनं तेवढाच तुकडा कापून मायच्या फोनवर माझ्या नावाची रिंगटोन करून दिला. तेव्हापासून मी फोन केला की माय लवकर उचलतच नाही. परवा विचारलं, "कामात होतीस का?"

"नाय रं. तुझा बाप तुला बोलत व्हता. मधीच कशाला तोडू?"