कान्ह्याच्या पिकपीस नवे नाक बसविल्याची हकीकत

श्री. मावळ मुलखीच्या तमाम जाणत्यांस हकीकत ऐसी जे, शके अठराशे एकोणनव्वद, प्लवंग नाम संवत्सर, कार्तिक वद्य तृतीयेचे दिवशी मौजे कान्हे येथून वलवणापावेतो जी दुधाची मोहीम जाली, तीत कोण लढले, कोण खोकले, आणि गाडीस नवे नाक बसवून फायदा जाला की फजिती, हे यथास्थित कळावे म्हणोन हा मजकूर. यात पदरचं काही घातलं न्हाई. घातलंच असंल तर लय थोडं.

मौजे कान्हे येथे राजमान्य अंबाजी म्हणोन शेतकरी. अठरा घरांचे दूध गोळा करावे आणि वलवणास पोचते करावे, हा त्यांचा सरंजाम. पदरी एक पिकप गाडी. ती मूळची लष्करी, देहूरोडास लिलावात निघाली ती अंबाजींनी उचलली. अंगानं थोराड, रंगानं शेवाळी, आवाजानं दांडगी, परंतु कामशेतच्या खिंडीचा चढ लागला की हत्तिणीचं कासव होई, आणि सायकलवाला उतरून, सायकल ढकलत, बाजूने पुढं निघून जाई. ही नामुष्की रोजची.

तशांत वलवणच्या खाणावळवाल्या भामाबाई यांचे फर्मान आले. त्यांचेकडे मुंबईकर पाहुणे उतरत आणि साडेआठाच्या ठोक्यास चहा मागत. दूध तीन दिवस लागोपाठ उशिरा आले, आणि पाहुण्यांनी काळा चहा पिऊन तोंडे काळ्याहून काळी केली. सबब हुकूम जाला की, तृतीयेस साडेआठाचे आत दूध दारी यावे, न आलियास रतीब तळेगावच्या बाजीरावांचे टेम्पोस लागेल. आता वलवणचा रतीब म्हणजे अंबाजींचे राज्य. तो गेला तर अठरा घरच्या म्हशींनी दूध द्यायचं कुणासाठी? अंबाजींस दोन दिवस भाकरी गोड लागेना.

मग मसलतीस देहूरोडचे सीताराम मिस्त्री बोलाविले. मोठे कारागीर. हातात पाना, तोंडात पान, आणि बोनेटावर कान टेकून इंजिनाची नाडी पाहणारे. त्यांनी कान टेकला, डोळे मिटले, आणि निदान केले.

“अंबाजीभाऊ, इंजिन वाघ हाय. पर नाक बारीक. पोटात हवाच जाईना, तर वढंल कशी?”

“मग आजवर काय नाक दाबून पळत हुती?” अशी सरुबाईंनी, म्हणजे अंबाजींच्या कुटुंबानं, भर दरबारी पृच्छा केली. परंतु मिस्त्री बोलत असता बायकोचं कोण ऐकतो.

जुन्या नाकाची रीत अशी की, एक लोखंडी डबा, त्यात तेल, बाहेरची हवा तेलावरून जाई आणि धूळ तेलात बसे, मग स्वच्छ हवा इंजिनात. मिस्त्रींनी तो डबा उपटला, भंगारात फेकला, आणि पत्र्याचा भोंगा घडविला, ज्याचे तोंड परातीएवढे, ते बगलेतून थेट पुढे काढिले. चाळण न्हाई, झाकण न्हाई. गाडी चालू करताच असा घोष उठला की कोंबड्या पांगल्या, आणि अंबाजींस वाटले ताकद दुप्पट जाली. आवाज दुप्पट झालता, येवढं खरं.

तृतीयेस सव्वासातास कूच जाले. सहा कॅन दूध, सरुबाई खुद्द कॅनपाशी, आणि आपल्या भोंग्याची फत्ते डोळ्यांनी पाहावी म्हणोन मिस्त्री. मावळात हात केलेल्या माणसाला गाडीत घेतलं न्हाई तर ते माणूस पुढं बारशालाबी बोलावत न्हाई. सबब विठाबाई लेकीकडे निघाल्या त्या तांदळाचं पोतं घेऊन चढल्या, मारुतराव दोन बोकडांसह चढले, आणि खिंडीच्या पायथ्यापावेतो सरुबाई आणि मिस्त्री धरून एकंदर अकरा असामींचा लवाजमा पाठीमागे जमला.

तेथे घात जाला. डोंगरवाडीचे कोंडू यांनी सडकेच्या कडेस नाचणीची कणसं पसरून ठेविली होती. रिवाज असा की, ओळखीच्या गाडीने पिकावरून दोनचार फेरे घालावे, चाकाखाली दाणा सुटतो, ज्याच्याकडे बैल न्हाईत त्याची मळणी होते.

“अंबाजीभाऊ, तेवढं दोन फेरं मारा की!” कोंडू आडवे उभे.

“आज नगं,” सरुबाई पाठीमागून गरजल्या. “घड्याळ बगा!”

“त्यो तोंड उघडून बोलला गं. न्हाई कसं म्हनू?” ऐसे म्हणोन अंबाजींनी गाडी कणसांवर घातली, आणि पुढं एक फेरा, मागं एक फेरा, आणि भुशाचा लोट उडाला, आणि परातीएवढा भोंगा आ करून तो तमाम भुसा गिळत गेला. तिसऱ्या फेऱ्यास गाडी खोकली. चौथ्यास शिंकली. मग धूर सोडून तिने देह ठेविला. ते समयी आठास पाच मिन्टं कमी.

सारी फौज मिस्त्रींकडे पाहू लागली. मिस्त्रींनी पान या गालातून त्या गालात नेले.

“हवा लय गेली. सवय न्हाई तिला.”

“हवा न्हाई, नाचणी गेली!” सरुबाई खाली उतरल्या. “भाकरी थापू का हितंच? दूध आपण फडक्यातून गाळतो, पीठ चाळतो, अन् हिच्या नरड्यात सारी सडक वततायसा व्हय?”

आणि बाईंनी भोंग्यात कोपरापावेतो हात घालून पसापसा भुसा उपसला, आतली नळी मिस्त्रींकडून सोडवून झटकविली, आणि दूध गाळायचं फडकं पाण्यात पिळून भोंग्याच्या तोंडाला करकचून बांधिले. किल्ली फिरविली. गाडी जिती जाली. आवाज मात्र भोंग्यापूर्वी होता तितकाच उरला, आणि अंबाजींचा चेहरा त्याहून बारीक जाला.

मग चढावर घातली. वीस कदम गेली आणि नेहमीप्रमाणे कासव. सरुबाईंनी मागे वळून पाहिले. पोतं, बोकड, आणि निवांत तंबाखू मळणारी फौज.

तत्क्षणी हुकूम सुटला की, ज्यास पाय आहेत त्याने खिंड पायी चढावी, बोकडांनीही, आणि पोतं ज्याचं त्यानं खांद्यावर घ्यावं.

“अवो वैनी, मी मिस्त्री हाय,” सीताराम म्हणाले.

“म्हनून तुमी आदी उतरा.”

सारे उतरले. विठाबाईंचं पोतं मिस्त्रींच्या खांद्यावर आलं. आणि काय सांगावे, गाडी सुटली ती बाणासारखी, सहा कॅनांसह, एकदाही न थांबता, खिंडीच्या माथ्यावर! ऐसा चढ तिने लिलावापासून कधी चढिला नव्हता. माथ्यावर धापा टाकीत आलेल्या फौजेस पुन्हा भरती करून पुढे सपाटीने दौड मारिली.

वलवणास पोचले तो बाजीरावांचा टेम्पो फाटकाशी हजर, कॅनचे झाकणही काढिलेले. भामाबाई पायरीवर, पाहुणे रिकाम्या कपांसह ओसरीवर. घड्याळात साडेआठास तीन मिन्टं कमी. सरुबाईंनी पहिलं माप वतलं, भामाबाईंनी दूध नखावर घेऊन पाहिलं, आणि हुकूम जाला की रतीब कान्ह्याचाच. बाजीराव झाकण लावून आल्या वाटेने गेले.

मग अंबाजींनी छाती काढून साऱ्या ओसरीस जाहीर केले की, ही करामत नव्या नाकाची. ते ऐकून एक मुंबईकर साहेब पुढं आले, भोंग्यास हात लावून पाहिला, आणि मिस्त्रींस विचारते जाले की, आमच्याही गाडीस असा बसवाल काय, घाटात फरक पडेल काय?

मिस्त्रींनी तोंड उघडले. सरुबाईंनी नुस्तं पाहिलं. मिस्त्रींचा खांदा तांदळाच्या पोत्यानं अजून ठणकत होता. त्यांनी पान थुंकले आणि म्हणाले,

“साहेब, आदी गाडीत मानसं किती बसत्यात ते सांगा.”

येणेप्रमाणे कार्तिक वद्य तृतीयेस वलवणचा रतीब राखिला. नाकाने हवा घेतली, फडक्याने ती गाळिली, आणि खिंड अकरा असामींनी आपल्या पायांनी जिंकिली. बोकड वेगळे. हे सर्व रुजू असे.