ऊलाँगला लागलेली शिस्त

सोसायटीची नोटीस फांग सरांनी तीनदा वाचली आणि तिसऱ्या वेळी तिच्यातल्या दोन चुका लाल पेनाने दुरुस्त केल्या. मजकूर मात्र दुरुस्त होण्यासारखा नव्हता. तिसऱ्या मजल्यावरचा काळा कुत्रा रोज संध्याकाळी कचरागाडी येण्याच्या सुमारास गळा काढतो आणि त्यामुळे रहिवाशांना त्रास होतो. तरी महिन्याभरात त्याला वळण लावावे, नाहीतर महिनाअखेरच्या सभेत त्याला इमारतीत ठेवायचे की नाही यावर मतदान घेतले जाईल. खाली अध्यक्ष लियाव यांचा शिक्का होता. हा लियाव सरांचाच जुना विद्यार्थी. आठवीतसुद्धा तो शुद्धलेखनात कच्चाच होता.

"मग पाठवू या पिंगतुंगला," त्यांची बायको युलान कांद्याची पात चिरता चिरता म्हणाली. "माझ्या भावाच्या सुपारीच्या बागेत पडून राहील. तिथे काय रडायचं ते रडू दे."

"पाठवायचा कशाला? एकतीस वर्षं शिस्तप्रमुख होतो मी. अख्ख्या तायनानमधली व्रात्य पोरं सरळ केली. हा एक कुत्रा म्हणजे काय मोठं?"

"पोरं तुम्हाला घाबरायची हो. याला तुमची कीव येते."

सरांनी नोटिशीची घडी घालून खिशात ठेवली. निवृत्तीच्या दिवशी शाळेच्या सायकल शेडमध्ये सापडलेलं हे पिल्लू, म्हणजे ऊलाँग, त्यांनी रागावत रागावतच घरी आणलं होतं. त्याला आता चार वर्षं झाली. या चार वर्षांत घरात त्यांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणारा एकटा ऊलाँगच होता. सर बातम्यांवर मत द्यायला लागले की युलान कानात इअरफोन घालायची, आणि ऊलाँग मान तिरकी करून बसायचा. असा श्रोता सुपारीच्या बागेत पाठवायचा, या कल्पनेनेच त्यांना जेवण जाईना.

दुसऱ्या दिवशी फ्रिजवर तक्ता लागला. नियम शाळेचेच होते. तीन लहान ठपक्यांचा एक मोठा ठपका, आणि तीन मोठे ठपके झाले की नाव कमी. संध्याकाळी सात वाजून गेले, कुणालाही काही ऐकू येत नव्हतं, तोच ऊलाँगने कान उभे केले आणि बाल्कनीत जाऊन तोंड आभाळाकडे करून सूर लावला. सरांनी एक लहान ठपका लिहिला. शेजारची कुत्री साथीला आली तेव्हा "इतरांना चिथावणे" या सदराखाली सरळ मोठा ठपका पडला. तीन-साडेतीन मिनिटांनी गल्लीच्या तोंडाशी गाडीची पियानोची धून ऐकू आली, तोवर ऊलाँगचं गाणं संपतसुद्धा आलं होतं.

त्याच आठवड्यात ऊलाँगचे तीन मोठे ठपके भरले. सर तक्त्यासमोर पेन धरून उभे राहिले.

"झालं? नाव कमी?" युलानने विचारलं.

"नियमात शाबासकीचीपण तरतूद असते. चांगल्या वागणुकीने ठपका पुसता येतो." असं म्हणून सरांनी "वाटीतला भात पूर्ण संपवला" या कामगिरीबद्दल त्याला एक मोठी शाबासकी दिली.

"दोन हजार पोरांमध्ये असा लाड कुणाचा केला होतात?"

"पोरं भात संपवायची नाहीत," सर म्हणाले.

शेवटी युलाननेच त्यांना पशुवैद्य बाईंकडे धाडलं. बाईंनी तक्त्याची हकीकत गंभीर चेहऱ्याने ऐकून घेतली, त्यासाठी त्यांना फार कष्ट पडले असावेत. "सर, शिक्षा विसरा," त्या म्हणाल्या. "गाडीची चाहूल लागली की त्याने काय करायचं नाही, हे नका शिकवू. काय करायचं ते शिकवा. तुमच्यापाशी यायचं, बसायचं, गुडघ्यावर पंजा ठेवायचा, की लगेच खाऊ. तोंडात खाऊ असताना कोण रडतं?"

सरांनी रताळ्याच्या वाळवलेल्या चकत्या आणल्या आणि कामाला लागले. पहिल्या आठवड्यात ऊलाँग आधी रडायचा आणि मग खाऊसाठी यायचा. दुसऱ्या आठवड्यात अर्धं रडून यायचा. तिसऱ्या आठवड्यात मात्र कान उभे झाले रे झाले, की स्वारी सरांपुढे हजर. बैठक, पंजा, चकती. इमारतीत कमालीची शांतता पसरली. सर जिन्यातून येता-जाता छाती काढून चालू लागले. लियाव भेटला तेव्हा त्यांनी त्याला मुद्दाम थांबवलं.

"काही आवाज येतो का रे आता?"

"नाही सर. अजिबात नाही," लियाव म्हणाला. त्याच्या दोन्ही हातांत कचऱ्याच्या गच्च भरलेल्या पिशव्या होत्या आणि तो खालून वर चालला होता. सरांना त्याचा अर्थ तेव्हा कळला नाही.

अर्थ कळायला चार दिवस लागले. उकाडा मी म्हणत होता, घराघरात एसी लावून खिडक्या बंद होत्या. गाडीची धून गल्लीच्या तोंडाशी आल्यावरच ऐकू यायची. मग पिशवीला गाठ मारून, चपला शोधून, लिफ्ट नसलेल्या इमारतीचा जिना उतरेपर्यंत गाडी पुढच्या गल्लीत गेलेली असायची. तिची वेळही कधी सात-दहा, कधी सात-चाळीस. मोबाईलच्या ॲपमध्ये बघावं, तर ती अजून मात्सूच्या देवळापाशीच उभी दिसायची. पिशवी रस्त्यावर ठेवून यावं तर दंड. त्यातून बुधवारी आणि रविवारी गाडीला सुट्टी. गेली चार वर्षं सगळी इमारत गाठ मारायला घेत होती ती ऊलाँगच्या पहिल्या सुरावर, आणि हे एकाच्याही लक्षात आलं नव्हतं.

शुक्रवारी लियाव सरांकडे आला तो वाफाळत्या मोमोंचं भांडं घेऊन.

"हे काय रे?"

"फ्रीझरमधून काढावे लागले, सर. तिथे आता कोळंबीची सालं आणि आंब्याच्या कोयी आहेत. बायको म्हणते, एक तर कचरा जाईल नाहीतर मी." तो घुटमळला. "सर, ऊलाँगची तब्येत बरी आहे ना?"

"उत्तम आहे. एकदम शिस्तीत."

"तेच तर. म्हणजे थोडी कमी शिस्त... रविवारी सभा आहे. लोक चिडलेत, सर."

"कशावर चिडलेत? गप्प बसवा म्हणालात, गप्प बसवला!"

तेवढ्यात वरून काठी आपटत पाचव्या मजल्यावरच्या त्साय आजी उतरल्या. वय ब्याऐंशी. जिन्याचे सगळ्यात जास्त कष्ट त्यांनाच. "फांग," त्या दारातूनच म्हणाल्या, "काल मी माशाचे काटे घेऊन दुसऱ्या मजल्यापर्यंत आले आणि गाडी गेली. सगळे काटे घेऊन परत वर. मुका कुत्रा पोसून काय उपयोग? त्यापेक्षा धाड त्याला पिंगतुंगला. माझं मत सांगून ठेवते."

"म्हणजे रडला तरी जायचं आणि नाही रडला तरी जायचं?" सरांचा आवाज चढला.

"नियम तुमच्याकडूनच शिकलो, सर," लियाव खाली बघत म्हणाला. "आठवीत तुम्ही मला बोललो म्हणून एक ठपका दिला होता, आणि विचारल्यावर बोललो नाही म्हणून दुसरा."

त्या रात्री सरांना झोप लागली नाही. शनिवारी सकाळपासून उलटी शिकवणी सुरू झाली. सरांनी मोबाईलवर गाडीची धून लावली. ऊलाँग आला, बसला, पंजा. चकती लपवून ठेवली, तर त्याने दुसराही पंजा ठेवला. शेवटी सरांनी बैठकीच्या खोलीत उकिडवं बसून, छताकडे तोंड करून, स्वतःच एक सूर लावून दाखवला.

ऊलाँगने मान तिरकी करून तो शेवटपर्यंत ऐकला. युलानला मात्र हसता हसता भिंत धरावी लागली. "अहो, जरा खालच्या पट्टीत! पोलीस येतील."

"हसू नकोस. उद्या त्याला घालवतील."

युलानचं हसू थांबलं. तिने इकडे तिकडे बघितलं, हात पुसले आणि नवऱ्याशेजारी उकिडवी बसून तिनेही एक सूर लावला. तो सरांपेक्षा बरा लागला. ऊलाँगने आळीपाळीने दोघांच्याही गुडघ्यावर पंजा ठेवला.

संध्याकाळी सर खुर्चीत नुसते बसून होते. सात-बावीसला ऊलाँगने कान उभे केले. तो चालत आला, बसला आणि त्याने शांतपणे पंजा ठेवला. बाहेर अजून चिटपाखरूही बोलत नव्हतं. याचा अर्थ गाडी दोन गल्ल्या पलीकडे होती, आणि ते या इमारतीत फक्त एका कुत्र्याला आणि एका माणसाला माहीत होतं. सरांनी एकदा त्या काळ्या तोंडाकडे बघितलं. मग ते ताडकन उठले, बाल्कनीत गेले, कठडा धरला आणि एकतीस वर्षांत ज्या आवाजाने मैदानाच्या दुसऱ्या टोकाची पोरं जागच्या जागी थिजायची, तो अख्खा आवाज आभाळाकडे लावला.

"ऊऽऽऽऽ!"

वरखाली खिडक्या धडाधड उघडल्या. जिन्यात चपलांचा फटफटाट सुरू झाला. गल्लीच्या तोंडाशी पियानो वाजला तेव्हा सगळी इमारत पिशव्यांना गाठी मारून रांगेत उभी होती. सगळ्यांत पुढे होत्या त्साय आजी, आणि त्यांच्या पाठीमागे कोळंबीची चार दिवसांची सालं हातात घेऊन लियाव.

रविवारच्या सभेत ठराव एकमताने पास झाला. ऊलाँग इमारतीत राहील. त्याच्या वर्तनाबद्दल कोणतीही तक्रार नाही. सध्याची व्यवस्था मात्र पुढेही चालू ठेवावी. या ठरावात शुद्धलेखनाची एक चूक होती, पण सरांनी पेन खिशातच ठेवलं.

तेव्हापासून गाडीच्या प्रत्येक संध्याकाळी कान उभे होतात, पंजा पडतो, सर उठतात आणि बाल्कनीत जाऊन सूर लावतात. सुरुवातीला ते लाजत होते. नंतर आवाज नीट लागावा म्हणून दुपारी मध घालून गरम पाणी घेऊ लागले.

परवा कचरा टाकून परतताना त्साय आजी जिन्यात थांबल्या. सर आपली पिशवी टाकून त्यांच्या मागोमागच येत होते. आजींनी पिशवीतून कागदात गुंडाळलेला अननसाचा केक काढला.

"आज छान लागला हो आवाज," आजी म्हणाल्या. "फार छान. शहाणा आहेस."

सरांनी हात पुढे केला. आजींनी केक तसाच मागे धरला आणि काठीने पायरीकडे दाखवलं.

"आधी बस."

आणि फांग सर बसले.