सदतीस कलमांचा डबा

सकाळी नऊच्या ठोक्याला डबा वाजायला लागला, तेव्हा कलमताईला कोण आनंद झाला. तो जेमतेम एक मिनिट टिकला.

ताई एका कंपनीत रिक्वायरमेंट लिहायची. म्हणजे एखादी वस्तू बनायच्या आधी त्या वस्तूनं काय करायला हवं आणि काय करता कामा नये, ते सगळं कलमवार कागदावर उतरवायचं. ऑफिसात तिचं नाव कलमताई पडलं ते यावरूनच. तिचे सासरे रक्तदाबाची गोळी हटकून विसरायचे. असेच एकदा चक्कर येऊन जिन्यात पडले. हाड मोडलं नाही हे नशीब, पण तेव्हापासून गोळीची नऊची वेळ झाली की ताईची नजर जिन्याकडे जायची. म्हणून तर तिनं आठ महिने भांडून हा गोळ्यांचा डबा कंपनीच्या गळी उतरवला होता. सदतीस कलमं लिहिली होती. त्यातलं पहिलं होतं, माणसानं गोळी विसरता कामा नये.

साहेबांनी बजावलं होतं, "आठवडाभर घरी वापरून बघा. पहिलं कलम एकदा जरी मोडलं, तर डबा बाद."

"बाबा, अंगठा ठेवा," ताई म्हणाली. "झाकण उघडेल आणि आवाज थांबेल."

सासऱ्यांनी उजवा ठेवला, डावा ठेवला, पुसून ठेवला, फुंकर मारून ठेवला. डबा कोकलतच राहिला. चाळीस वर्षं शिवणकाम करून, सुई रेटून रेटून त्यांचा अंगठा गुळगुळीत झाला होता. त्यावर रेघ म्हणून शिल्लक नव्हती.

"घासलेले अंगठे आहेत गं माझे," ते म्हणाले. "एकदा विचारायचंस तरी."

ताईनं साहेबांना विचारलं होतं, डॉक्टरांना विचारलं होतं, विक्रीवाल्यांना आणि पॅकिंगवाल्यांनाही विचारलं होतं. ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप, त्यांनाच विचारायचं राहून गेलं होतं.

"बंद करायचं बटण कुठंय?" सासूबाईंनी कानांवर हात ठेवून विचारलं.

"नाहीये, आई. बटण असलं की माणूस बटण दाबतो आणि गोळी विसरतो. कलम अकरा."

"मग सेल काढ त्याचे."

"घरी निघत नाहीत. कलम बारा."

सासूबाईंनी डबा दुलईत गुंडाळला. कमी ऐकू येणाऱ्यालाही शेजारच्या खोलीत ऐकू गेलं पाहिजे, असं कलम चौदा म्हणत होतं आणि डबा कलमाबरहुकूम वागत होता. मग त्यांनी तो बादलीत बुडवला. तिथं तो बुडबुडे सोडत वाजू लागला. त्यांनी हातोडी शोधायला घेतली, तशी ताई खाली मान घालून म्हणाली, "फुटणार नाही, आई. तेही मीच लिहिलंय."

"लिहायचं काही सोडलंस का?" सासरे म्हणाले.

एवढ्यात वरच्या मजल्यावरचे काका आग लागली समजून अर्ध्या दाढीनिशी खाली धावत आले. ताईनं डबा बनवणाऱ्या इंजिनिअरला फोन लावला.

"ताई, एक बटण ठेवू या म्हणून मी तुमच्या किती विनवण्या केल्या. तुम्ही म्हणालात, कलम म्हणजे कलम."

"ते राहू दे. आता काय करू ते सांग."

"इकडे घेऊन या. तो उघडायचं हत्यार इथंच आहे."

ताईनं डबा पिशवीत टाकला आणि स्कूटर काढली. आवाज ऐकून गाड्या आपसूक बाजूला होत होत्या. चौकातल्या पोलिसानं तर बाकीची रहदारी थांबवून तिला आधी सोडलं. अर्ध्या तासाचा रस्ता बारा मिनिटांत सरला. डब्याचा हा एक फायदा मात्र कुठल्याच कलमात नव्हता.

इंजिनिअरनं डबा गप्प केला आणि अंगठ्याच्या कुलपाऐवजी साधं झाकण बसवलं. "बाकी काही बदलायचं नाही, चाचणी चालू आहे," साहेब म्हणाले. ताई तोंड पाडून घरी आली. डबा पाहताच सासरे दोन पावलं मागं सरले, पण त्या दिवशीची गोळी त्यांनी निमूट गिळली.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजले. डबा वाजला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. विचारलं तर सासरे 'घेतली' म्हणायचे, पण ते तर ते विसरल्यावरही म्हणायचे. डबा बिघडला, गोळी चुकली, आता पुन्हा तो जिना, असं ताईच्या मनात येऊ लागलं. झाकण उघडून गोळ्या मोजाव्यात, तर डबा पुन्हा बोंबलेल या भीतीनं तिचा हात धजेना. चौथ्या दिवशी मात्र ती साडेआठलाच पडद्याआड जाऊन उभी राहिली.

सासरे पाण्याचा पेला घेऊन घड्याळासमोर बसले होते. नऊला दहा कमी असताना ते उठले, चवड्यांवर चालत डब्यापाशी गेले, झाकण अलगद उचललं, गोळी तोंडात टाकली, वर पाणी प्यायले आणि श्वास रोखून झाकण लावलं.

"बाबा, तुम्ही वाजायच्या आधीच घेता? म्हणजे झाकण आधीच उघडलं की तो त्या दिवशी वाजतच नाही!"

"हळू बोल, सूनबाई," ते कुजबुजले. "झोपलाय तो. उठवू नकोस."

ताईनं हसू दाबायला पदर तोंडात कोंबला, तरी ते डोळ्यांतून वाहायचं राहिलं नाही. कितीतरी दिवसांनी त्या सकाळी नऊ वाजले आणि तिची नजर जिन्याकडे गेली नाही.

आठवडा संपल्यावर तिनं अहवाल भरला. पहिलं कलम पाळलं गेलं का? हो, सात दिवसांत सात गोळ्या. पुढे छापलेलं होतं, 'डब्याच्या कोणत्या गुणामुळे?' ताईनं पेन दोनदा उचललं, दोनदा ठेवलं आणि शेवटी एकच शब्द लिहिला, 'धाकामुळे.'

साहेबांनी तो वाचला, आपल्या खिशातली गोळ्यांची पट्टी काढून स्वतःच्या किती गोळ्या चुकल्यात ते मोजलं आणि सही केली.