दोन डाव द्राक्षासव

काशीच्या दुर्गाघाटावर नमस्काराला "पोट साफ?" असं उत्तर देणारा एकच माणूस आहे: आमच्या समोरच्या दारातले दिनूकाका. विचारतातही गल्लीच्या दोन्ही टोकांना ऐकू जाईल असं. ताईला पाहायला आलेल्या मुलालाही विचारलं. तो लाजत 'हो' म्हणाला, तेव्हा काकांनी स्थळ पसंत केलं!

काकांचं काम श्राद्धाला जेवण्याचं. काशीला आलेले यजमान गेलेल्या माणसाच्या आवडीचं रांधतात. ते काका जेवतात. जेवणाआधी आणि नंतर पचनासाठी दोन-दोन चमचे द्राक्षासव. त्यांच्या चमच्याला आमच्याकडे डाव म्हणतात.

मी दारूविरोधी पत्रकं वाटते. तोंडावर सांगितलं, "काका, आसवातही मद्यार्क असतो."

"अगं पत्रकवाली, दवा आहे ती!"

"औषध मोजून घेतात."

"मग? मोजूनच घेतो. दोन डाव!"

माझ्या पत्रकांवर त्यांनी आवळे वाळत घातले.

शेवटी डॉक्टरांनीच बजावलं: यकृत सुजलंय, आसव बंद, तळलेलं बंद. बाटली मी जप्त केली. काकांनी जानवं हातात धरून शपथ घेतली.

तिसऱ्याच दिवशी शेजारच्या घरी श्राद्धाला बसलेले सापडले. नागपूरच्या एक आजी तुपात तळलेल्या सांजोऱ्या वाढत होत्या. रीतीप्रमाणे त्यांनी हात जोडून विचारलं, "तृप्त झालात?"

"अजून दोन वाढा," काका म्हणाले. त्याही संपवल्या आणि मग म्हणाले, "तृप्त झालो."

बाहेर येताच मी तोफ डागली. शपथ, यकृत, लाजलज्जा, सगळं काढलं. काका पोट धरून ओट्यावर बसले.

"बिटिया, त्यांच्या नवऱ्याला शेवटी घास गिळवत नव्हता. म्हातारी रोज त्याच्या आवडीचं करायची, रोज तसंच राहायचं. आज पत्रावळ चाटूनपुसून साफ झालेली पाहिली तिनं. मी नको म्हटलं असतं, तर तो पुन्हा उपाशीच गेला असता ना?"

"आणि तुमचं पोट?"

"त्याला कोण विचारतंय!"

गावभर सगळ्यांच्या पोटाची चौकशी करणारा माणूस हे म्हणत होता. यावर माझ्याकडे पत्रक नव्हतं.

संध्याकाळी मुगाची मऊ खिचडी घेऊन गेले. काका एकटेच राहतात. चूल थंडच होती. कुरकुरत जेवले. मी विचारलं, "तृप्त झालात?"

त्यांचा हात थांबला. जन्मभर या प्रश्नाचं उत्तर त्यांनी गेलेल्यांच्या वतीनं दिलं होतं. आता स्वतःचं सापडेना.

"मीठ कमी आहे," अखेर म्हणाले, आणि ताट पुढे केलं.